माझ्या फेऱ्यात नको

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या जिन्यावरून आईला खाली नेत होते, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आरवाडेकाकू दारात डोळे मिटून उभ्या होत्या. हात जोडलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, बाईंना खरंच वाईट वाटतंय. तेवढ्यात डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "गेले का सगळे?" आईचा देह त्यांच्या फेऱ्यात यायला नको होता, म्हणून ही समाधी. ह्याच काकू सात वर्षं रोज संध्याकाळी आईकडून विरजण न्यायच्या.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भात आणून देतात, ही आमच्याकडची रीत. मिरजेतल्या आमच्या सोसायटीत बत्तीस बिऱ्हाडं होती. पिठलं-भात आला तो ॲपवरून, आणि आणणारा डबा दाराबाहेर ठेवून, बेल वाजवून पळाला. खांदा द्यायला चार माणसं भाड्यानं बोलावली होती. त्यांतल्या एकानं मला आधीच विचारून घेतलं की ताई, तुम्ही रडणार असाल तर मी मागची बाजू धरतो, म्हणजे दिसणार नाही. मी म्हटलं, धरा.

फेरा म्हणजे काय हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण लोकांना जे ठाऊक आहे ते बहुतेक चुकीचं आहे, म्हणून सांगते. मी स्वतः शास्त्रज्ञ नाही. मी कान तपासते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबा म्हणायचं. निम्मे लोक आवाज आलेला नसतानाही बटण दाबतात, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखर आवाज आल्यासारखं वाटतं. असे लोक वीस वर्षं रोज बघितल्यावर माणसं स्वतःला फसवतात ह्याचं नवल राहत नाही.

तर सुरुवात उंदरांपासून झाली. उंदीर भूलभुलैयातून धावला की नंतर झोपेत त्याचा मेंदू तीच वाट पुन्हा धावतो, आणि कितीतरी पट वेगानं धावतो. मिनिटाची धाव डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात उरकते. माणसाचा मेंदूही हे करतो. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेनं शोधून काढलं की मरताना, रक्त पुरायचं थांबल्यावर मेंदू अकरा मिनिटं फार जोरात चालतो, आणि त्या वेळात बाहेरून चुंबकीय ठोके दिले तर पहिल्या आठवणीपासून शेवटच्यापर्यंत सगळं आयुष्य ओळीनं उलगडतं. त्यासाठी डोक्यावर एक टोपी घालतात. मध्येच शुद्धीवर आणलेल्या तिघांनी सांगितलं की आम्ही काही आठवत नव्हतो, जगत होतो. हे दुसऱ्यांदा चाललंय ह्याचा त्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे त्यात काही बदलायची सोयच नाही. जे जसं जगलात ते तसंच.

खरी गंमत पुढे आहे. ह्या उलगडलेल्या आयुष्याच्या शेवटी काय असतं? डोक्यावर टोपी चढते ते. टोपी चढली की मेंदू पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पण आता निम्म्या वेळात. पहिली फेरी साडेपाच मिनिटांची, दुसरी पावणेतीन, तिसरी त्याच्याही निम्मी. निम्म्याचं निम्मं करत गेलं तर अकरा मिनिटांत कितीही फेऱ्या बसतात. बाहेरून अकरा मिनिटं, आतून अंत नाही.

प्रत्यक्षात सतरा फेऱ्या मोजल्या गेल्या. सतरावी सेकंदाच्या पाच सहस्रांश भागाची भरली, आणि त्यापुढचं यंत्राला वेगळं काढता येईना. अठराव्या फेरीबद्दल आम्हाला काही माहीत नाही, असं संशोधकांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पण शोधनिबंध वाचतं कोण? लोकांनी 'अनंत' एवढाच शब्द उचलला आणि नाचत सुटले.

आता हेच आयुष्य पुन्हा पुन्हा जगायचं आहे असं कळल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? निदान शेजाऱ्याशी नीट वागावं. आमच्या लोकांनी ठरवलं की वाईट काही बघायचंच नाही. बघितलं नाही की फेऱ्यात येणार नाही, इतकं सोपं. दवाखान्यांत पेशंटजवळ बसायला पगारी माणसं आली. समाचाराला जायचं बंद झालं. शेजारचं कोणी पडलं, भाजलं, ओरडलं की दारं लागायची. 'माझ्या फेऱ्यात नको' हे वाक्य लोक भाजीवाल्याला 'कोथिंबीर नको' म्हणावं तसं म्हणायला लागले. आईच्या आजारपणात माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा कौस्तुभनं निरोपात हेच तीन शब्द लिहिले होते. वर हात जोडल्याचं चित्र होतं.

पण ह्या सगळ्यांचे मेरुमणी म्हणजे माझे वडील, उन्मेष कुंभोजकर.

बाबा लग्नाचे फोटो काढायचे. चार हजार काढायचे आणि दोनशे ठेवायचे. कोणाचा डोळा मिटलेला, कोणाची पदराखाली बटाटेवड्याची प्लेट, नवरीच्या आईचं रडून सुजलेलं नाक, असं काही असलं की उडवायचे. निवड हीच कला, असं ते म्हणायचे. फेऱ्याची बातमी आली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, आणि एखाद्याला जन्मभर वाट बघितलेलं पत्र यावं तसा त्यांना आनंद झाला. आता आयुष्याचीही निवड करता येणार होती.

दोन वर्षांनी आईला मोटर न्यूरॉनचा आजार झाला. ह्यात बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते आणि स्नायू एकेक करून साथ सोडतात. आधी हात, मग पाय, मग जीभ, गिळणं, श्वास. डॉक्टरांनी हे समोर बसवून सांगितलं. बाबांनी ते अर्धंच ऐकलं आणि फोन आल्याचा बहाणा करून बाहेर गेले. आठवड्याभरात ते दापोलीला समुद्रासमोरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. जाताना आईच्या गालावरून हात फिरवून म्हणाले, "शुभा, तू मला अशीच आठवायला हवीस." आई तेव्हा बोलू शकत होती. ती काही बोलली नाही.

चौदा महिने बाबा दर रविवारी सकाळी अकराला फोन करायचे. पहिल्याच फोनवर त्यांनी नियम घालून दिला होता की गच्चीवर जाऊन बोलायचं आणि तपशील सांगायचे नाहीत. "बरी आहे ना? एवढंच सांग." मी हो म्हणायचे. मग ते समुद्र कसा आहे ते सांगायचे. पुढे पुढे मी गच्चीवर जायचं सोडलं. मुद्दाम आईच्या खोलीत, तिच्या उशापाशी उभी राहून हो म्हणायचे. ते अंत्यविधीला आले नाहीत. अग्नी मी दिला. तेराव्याला त्यांच्याकडून निशिगंधाची परडी आली, तिच्यावर लिहिलं होतं, हसत राहा.

त्यानंतर पंधरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. गेल्या महिन्यात पाचगणीच्या एका फेरा केंद्राचं पत्र आलं. बाबांचं यकृत निकामी झालं होतं, थोडेच दिवस उरले होते. सुरुवातीच्या काळात काही केंद्रांनी घाई करून लोकांना टोप्या घातल्या, तेव्हापासून कायदा झाला आहे की रक्ताच्या नात्यातला एक साक्षी समोर हजर लागतो आणि त्याची सही लागते. साक्षी नसेल तर टोपी नाही. बाबांना दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे त्यांचा अनंतकाळ माझ्या सहीवर अडला होता.

पत्रासोबत बाबांच्या सूचना होत्या, कारण टोपी चढण्याआधी जे दिसेल आणि ऐकू येईल तेही फेऱ्यात जातं. मोरपंखी कुर्ता घाल, काळा नको. चष्मा काढून ये, काचेवर प्रकाश पडतो. आणि एक वाक्य पाठ करून ये: "बाबा, तुम्ही आयुष्य फार सुंदर जगलात." मी ते वाचून मोठ्यानं हसले. कान तपासून घ्यायला आलेले एक आजोबा खोलीत हेडफोन लावून बसले होते, त्यांनी बटण दाबलं.

पत्र फाडून टाकलं असतं तर विषय संपला असता. पण मला त्याहून मोठी शिक्षा सुचली. जे चौदा महिने त्यांनी चुकवले ते मी त्यांना शेवटच्या अर्ध्या तासात सांगणार होते. सगळे, तपशिलासकट. मग बसा ऐकत दर फेरीला. मी कपाटातून काळा कुर्ता काढला आणि चष्म्याच्या काचा चांगल्या लख्ख पुसून घेतल्या.

केंद्र म्हणजे दरीच्या तोंडावर काचेची इमारत, जिकडे तिकडे जरबेराची फुलं आणि भिंतींतून झिरपणारं संतूर. तिथले कर्मचारी इतके हसत होते की त्यांच्या जबड्यांची काळजी वाटावी. एकच माणूस हसत नव्हता. तो टोपीचा तंत्रज्ञ, वाईचा मुजावर. त्यानं मला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

त्याच्याजवळ एक लांबलचक कागदाची पट्टी होती. टोपी घालण्यापूर्वी मेंदूची पाहणी करून कुठल्या वर्षाच्या आठवणी किती दाट आहेत ह्याचा नकाशा काढतात. खाली वर्षं, वर काळ्या रेघा. बाबांच्या लहानपणी रेघा भरपूर होत्या. आजोबा गेले तिथे काळंकुट्ट होतं. पहिला कॅमेरा, लग्न, माझा जन्म, मी आठ वर्षांची असताना विषमज्वरानं मरता मरता वाचले ते, सगळं दाट. आणि बावन्नाव्या वर्षापासून कागद पांढरा पडत गेला होता.

मुजावर म्हणाला की हे त्याला आता रोज दिसतं, पण केंद्रवाले बाहेर बोलू देत नाहीत. ज्याच्याकडे मन लावून बघावं लागतं, जे अवघड जातं, जे झोप उडवतं, ते मेंदू जपून ठेवतो. सुखाचे एकसारखे दिवस तो एकावर एक रचून त्यांचा एकच दिवस करतो. जितकं निवडून जगावं तितकं कमी उरतं. दापोलीच्या सोळा वर्षांचा, त्याच्या हिशेबानं, जेमतेम एक आठवडा भरत होता. फेरा सजवायला निघालेल्यांचे फेरेच आखूड निघत होते. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटली नाही.

मग त्यानं पांढऱ्या भागाच्या सुरुवातीला बोट ठेवलं. तिथे फणीच्या दातांसारख्या रेघा होत्या, बारीक पण पूर्ण उंचीच्या, अगदी सारख्या अंतरावर.

"ताई, रागवू नका," तो म्हणाला. "ह्या साठ रेघा हायत. मधी बरोबर सात-सात दिवस. एवढं दाट मी कुणाचं बघितलं न्हाई. दर आठवड्याला ह्ये काय करत हुते?"

मी म्हटलं, फोन. त्यानं पट्टी गुंडाळली. बाबांनी कालच हा नकाशा बघितला आहे आणि तेव्हापासून ते जेवलेले नाहीत, एवढं सांगून तो मला त्यांच्या खोलीत घेऊन गेला.

बाबा हळदीसारखे पिवळे पडले होते. दाढी मात्र गुळगुळीत, केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा पांढरा झब्बा. रक्तदाब टिकवणारं औषध नुकतंच बंद केलं होतं आणि तो ठरलेल्या आकड्याखाली आला की टोपी चढणार होती. अर्धा-पाऊण तास, असं डॉक्टर म्हणाले. मी संतूर बंद करायला लावलं. बाबांनी माझ्या काळ्या कुर्त्याकडे बघितलं. मी मुद्दाम त्यांच्या अगदी समोर, उजेडात बसले. चष्मा काढायचा तर मी काढणार नाही, हे वाक्य जिभेवर तयार होतं, पण ते काही म्हणाले नाहीत.

मी ठरवून आलेली सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"फोनवर मागे एक आवाज यायचा. घरघर. तो मशीनचा होता की तिचा?"

आवाज ओळखणं हा माझा धंदा आहे. ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज एकसारखा असतो. दुसरा थांबून थांबून यायचा, आणि तो थांबला की मी मोजायला लागायचे.

"दोन्ही," मी म्हटलं. "थांबून यायचा तो तिचा."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पंधरा वर्षं माहीत होतं. "सांग," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. जिभेचा गोळा झाल्यावर ती पाण्याच्या घोटानं कशी गुदमरायची, नाकातली नळी बसवताना तिचे डोळे कसे व्हायचे, पाठीला जखमा झाल्या त्यांचा वास, माशी तोंडावर बसली तर तिला हाकलता यायची नाही ते. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील, घंटी वाजवतील, आणि मी ते बघून घेणार होते. मुजावर दोनदा दारात येऊन गेला. नियमानं अशा वेळी साक्षीला बाहेर काढायचं असतं. दोन्ही वेळा बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. ते चौदा महिने मजा घेत घेत सांगावेत असं मनात होतं, पण ऐकणारा असा ऐकायला लागला की मजा राहत नाही.

शेवटच्या चार महिन्यांत आईला फक्त पापण्या हलवता यायच्या. मी अक्षरं म्हणायचे आणि हवं ते अक्षर आलं की ती पापण्या मिटायची. रोज संध्याकाळी अ, आ, इ, ई करत मी 'उ'वर आले की ती पापण्या मिटायची. पुढची अक्षरं म्हणायची गरज नसायची.

"रोज?" बाबांनी विचारलं.

"रोज. तुम्हाला बोलावत होती."

"मग तू सांगितलं नाहीस?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुम्ही विचारलं नाहीत, तपशील नको म्हणालात, नियम तुमचा. अगदी बिनतोड उत्तर, पंधरा वर्षं घासून चकचकीत केलेलं. ते तोंडाशी आलं आणि मला त्याची किळस आली. मिरजेत बसून मी आख्ख्या गावाला नावं ठेवत होते, काय काय बघायचं टाळतात म्हणून. आणि मी काय टाळलं होतं?

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "आईला मी सांगायचे की त्यांना कळवलंय, येतील. कळवलं नव्हतं. तिला तुम्ही हवे होतात, बाबा. मला नको होतात. तुम्ही आला असतात, पाच मिनिटं तिचा हात धरून रडला असतात आणि ती तुम्हाला माफ करून बसली असती. ते मला बघायचं नव्हतं."

पडद्यावरचा आकडा उतरत होता. आईनं चार महिने 'उ'वर डोळे मिटले आणि दर रविवारी तिच्या उशाशी उभी राहून मी हो, बरी आहे म्हणत राहिले. ते तिला ऐकू येत होतं. कान शेवटपर्यंत शाबूत असतात, हे मिरजेत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"सांगितलं असतंस तरी मी बहुतेक आलो नसतो," बाबा म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, त्यांनी खरोखर विचार करून सांगितलं. माझ्या आठवणीत त्यांचं हे पहिलंच न निवडलेलं वाक्य.

मुजावर टोपी घेऊन आला. मी कागदावर सही केली. टोपी कपाळावर टेकली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता.

"पुढच्या वेळी मी विचारीन," ते म्हणाले.

पुढच्या वेळी काही बदलता येत नाही, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, मुजावरला तर पाठच होतं. तो खाली बघत टोपीचे पट्टे आवळत राहिला.

"विचारा," मी म्हटलं. "मी सांगेन."

त्यांची बोटं ढिली पडली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेपाच मिनिटं झाली, तेवढ्यात बाबा जन्माला येऊन, मोठे होऊन, दापोलीला निघून गेले असणार, आणि मी साठ रविवार फोनवर हो म्हणाले असणार. त्यानंतरच्या पावणेतीन मिनिटांत पुन्हा ते गेले आणि पुन्हा मी हो म्हणाले. पुढचं मोजायला सेकंदकाटा पुरेना. अकरा मिनिटं संपली, मुजावरनं टोपी काढून घेतली, तरी मी जागची उठले नाही.